गोदूबायची न गायलेली हळद

गोदूबाय मटण खायची, तेही पातेल्याचा तळ खरवडून. नवरा आनंदा संध्याकाळी मिठागरावरून आला, की त्याच्या पेल्याबरोबर सुकट भाजून द्यायला तिची कधी ना नसे. गळ्यात माळ नाही, कपाळाला बुक्का नाही. म्हणूनच तिनं हळदीतल्या दारूवर बंदी घातली, तेव्हा गावाला आधी ती थट्टाच वाटली.

बंदी तशी सगळ्या गावावर नव्हती. गोदूबाय धवलारीण होती. पनवेलच्या खाडीकडच्या आगरी गावांत लग्न लागतं ते धवलारिणीच्या गळ्यावर. ती मांडवात बसून धवले म्हणते, गावदेवीपासून घरातल्या मेलेल्या माणसांपर्यंत सगळ्यांना नाव घेऊन हाका मारते, आणि मग नवऱ्याला हळद लागते. भटजी येतात, जातात, मंत्र म्हणतात; पण धवला झाला नाही तर म्हाताऱ्या बायांच्या लेखी ते लग्नच नव्हे. गोदूबायला हे गाणं आईकडून, चंद्रावतीकडून मिळालं होतं. चंद्रावतीचा गळा असा, की खाडीच्या पलीकडं माणसं जेवता जेवता थांबायची. गोदूबायचा तेवढा नव्हता, हे ती स्वतःच सांगे. मात्र दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्याची खैर नसे.

झालं असं, की जमिनी गेल्या, मोबदले आले, आणि हळदीला लग्नापेक्षा जास्त तोरा आला. डीजेच्या भिंती उभ्या राहायला लागल्या. अशाच एका हळदीत गोदूबाय देवांना बोलावत होती आणि घराचा मालक चौकापाशी, तांदळाच्या पिठाच्या रांगोळीत, आडवा झाला. लोक हसले. तिला हसू आलं नाही. गाणं तिथंच सोडून ती उठली. "मी देवाला हाका मारते," ती म्हणाली, "आनि देव आला तर दार उघडाला घरात शुद्धीवर कोन नाय. मंग कनाला बोलवाचा? त्याची मस्करी कराला?"

तेव्हापासून तिचा नियम साधा होता. धवला संपेपर्यंत मांडवात बाटली दिसता कामा नये. संपल्यावर खुशाल विहिरी उपसा. ज्यांना पटलं ते तिला बोलावत, ज्यांना नाही पटलं ते दुसरी धवलारीण शोधत. दोन-चार घरी तिनं पानसुपारी परत केली. गाव म्हणालं, "बघू, सोताच्या घरची हलद आल्यावर कशी टिकते ती."

आणि आली. तिच्या भावाच्या, बाळूच्या प्रितमची.

प्रितम म्हणजे गोदूबायचा जीव की प्राण. बाळू द्रोणागिरीच्या गोदामांकडं कंटेनरच्या गाड्या फिरवायच्या नादात आणि त्याची बायको रमा बाळंतपणानंतर वर्षभर अंथरुणाला खिळलेली; पोर वाढलं ते आत्याच्या मांडीवर. ते रडायला लागलं की गोदूबाय अंगाईऐवजी धवला म्हणायची. सगळा म्हणायची नाही. देवांना हाका झाल्या की थांबायची. शेवटी नवऱ्याचं नाव घालतात, तिथं प्रितमचं नाव ती कधी घालत नसे. "ते तुज्या हलदीला," ती त्या दात न आलेल्या पोराला सांगायची. "तवर ठेवलंय."

त्या वर्षीच्या थंडीत एका संध्याकाळी ती मागच्या पडवीत निवट्या, खाडीच्या चिखलातली बुळबुळीत मासळी, साफ करत बसली होती. सून कोमल शेजारी पेपर तपासत होती. कोमल पनवेल शहरातली, तिथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवणारी. लग्न होऊन आली तेव्हा तिला निवटी हातात धरता येत नव्हती आणि गोदूबायला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यावर दोघींनी मुकाट्यानं तोडगा काढला होता: तू मला मासळी शिकव, मी तुला एकेक शब्द. गोदूबायला शब्दाचा अर्थ पुरत नसे. "ह्याचं म्हायेर खयचं?" हे ती विचारायचीच.

"आज काय निंगलं?" गोदूबायनं विचारलं.

"ॲब्स्टेन," कोमल म्हणाली. "निम्म्या वर्गानं अर्थ लिहिलाय, गैरहजर राहणं. सगळे चुकले."

"मंग काय गो त्याचा अर्थ?"

"मुद्दाम न करणं. करता येतं, समोर आहे, तरी स्वतःला आवरून धरणं. एखाद्यानं दारू सोडली, उपासाला खाणं टाळलं, तर हा शब्द वापरतात. आणि मतदानालाही. समजा, सभेत ठराव आला. काहींनी हो म्हणून हात वर केले, काहींनी नाही म्हणून. एक जण तिथंच बसलाय, पण कशालाच हात वर करत नाही. त्यानं ॲब्स्टेन केलं."

"आमच्या गावकीत त्याला मुका म्हन्तात."

"मुका नाही, आई. मुक्याला बोलताच येत नाही. ह्याला येतं. आणि जो सभेला आलाच नाही, त्याचंही हे नव्हे. तो घरी झोपलाय. हा आलाय, बसलाय आणि सगळ्यांना दिसतोय."

गोदूबायनं सुरी थांबवली. "म्हायेर?"

"लॅटिन. जुन्या रोमची भाषा. तिथून फ्रेंचांकडं आला, त्यांच्याकडून इंग्रजीत. दोन तुकडे आहेत त्याचे. 'अब्स' म्हणजे लांब. 'तेनेरे' म्हणजे धरणं. लांब धरणं. आपण गाडी मेंटेन करतो म्हणतो ना, त्यातही हेच धरणं आहे. ते हातात धरणं, हे लांब धरणं."

पडवीच्या कोपऱ्यात मांजर केव्हाचं टपून बसलं होतं. दोघींचं लक्ष शब्दाकडं आहेसं बघून त्यानं पाटीकडं झेप टाकली. गोदूबायनं वर न बघता निवटी उचलून हात लांब केला. मांजर तिच्या गुडघ्यावर आपटलं आणि चरफडत परत गेलं.

"लांब धराला आदी हातात पायजे," गोदूबाय म्हणाली. "ज्याच्या हातात कायच नाय, तो काय लांब धरंल?" आणि शब्द पसंत पडल्यासारखी मान हलवून ती पुढच्या निवटीला लागली.

दुसऱ्या दिवशी बाळू नारळ आणि पानसुपारी घेऊन आला. सख्खी बहीण असली तरी धवलारिणीला आमंत्रण रीतसर द्यावं लागतं. तो पाटावर बसला, चहा घेतला, आणि मग नारळ पुढं न करता मांडीवरच फिरवत राहिला.

"आक्का, एक सांगू? ह्या एका हलदीला तुजा नियम जरा बाजूला ठेव."

"का?"

"का म्हन्जे? मी सगल्यांच्या हलदीला जाऊन ग्लास घेतलाय. उरनपासून पनवेलपरीन्त एक मांडव सोडला नाय. आता माज्या दारात ती मान्सं येनार, गाड्यांवाले, गोदामवाले शेठ येनार. त्यांच्या हातात मी काय देऊ, कोकम सरबत?"

खोटं नव्हतं ते. ज्याच्या दारी प्यालो त्याला आपल्या दारी पाजावं लागतं. न पाजणारा कंजूष ठरतो आणि त्याच्या पोरांनाही तेच नाव चिकटतं. बाळूच्या तोंडावर ते भय गोदूबायला स्पष्ट दिसलं, आणि तिला त्याची कीवही आली.

"धवला झाल्यावर दे की. मी कवा नाय म्हन्ते?"

"शेठ लोकान्ला दोन घंटे कोरडं बसवू?"

"देवान्ला बसवतो ते चालतंय?"

बाळूचा पारा चढला. तो उठला. "मंग नको येऊ तू. मी घेईन बघून."

"येनार," गोदूबाय म्हणाली. "भावाच्या घरची हलद हाय, माज्या प्रितमची हाय. चौकाजवल माजी जागा हाय तिथं बसनार. ग्लास दिसला तर तोंड उघडनार नाय, यवढाच."

"हे लय वाईट," बाळू म्हणाला. "न आलीस तर मी सांगंन, आजारी हाय. येऊन गप बसलीस तर मी काय सांगू?"

"म्हनून तर येनार."

तो नारळ घेऊन परत गेला. गोदूबाय चुलीपुढं जाऊन निखारे सारायला लागली. बाहेरून ती कितीही खडक दिसो, आत तिला खरोखर भीती वाटत होती. ह्या पोराची हळद आयुष्यात एकदाच. ती गेली की गेली. आणि ग्लासांसमोर गायली, तर ज्या घरांची पानसुपारी तिनं परत केली त्यांच्या तोंडाकडं बघायची सोय नाही. कुठूनही धरा, चटका तिलाच होता.

हळदीच्या दिवशी ती गेली. नऊवारी हिरवी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, नाकात नथ. सगळा साज धवलारिणीचा. मांडवात शिरल्या शिरल्या तिनं पाहिलं: मागच्या बाजूला बर्फाच्या पेट्या उघडल्या होत्या, आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ग्लास फिरत होते. ती सरळ चौकाजवळ गेली, पदर सावरला आणि बसली. कोमल तिच्या मागं बसली.

ऊन उतरलं. प्रितम पाटावर येऊन बसला, पिवळं धोतर, उघडं अंग, थंडीनं काटा आलेला. त्यानं आत्याकडं बघितलं आणि तो हसला. मांडव शांत झाला. बायांनी हळदीची वाटी पुढं सरकवली. सगळे गोदूबायच्या तोंडाकडं बघायला लागले आणि गोदूबाय समोरच्या चौकाकडं. खाकरणं नाही, पुटपुटणं नाही. तोंडात मिठाची गुळणी धरावी तशी ती बसली होती.

बायांत कुजबुज सुरू झाली. "घसा बसला का गो?" "नाय गं, ते ग्लास बघ." मागची मंडळी माना उंचावून बघायला लागली. ती घरी राहिली असती तर कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. आता तिचं न गाणं सगळ्या मांडवाला ऐकू येत होतं.

बाळूनं मात्र तजवीज केली होती. त्यानं डीजेवाल्याला हात केला, आणि त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून गोदूबायचाच आवाज आला. कुणीतरी कधीतरी कुठल्याशा हळदीत मोबाइलवर धरून ठेवलेला तिचाच धवला! बाळूनं तो मेमरी कार्डात घालून आणला होता. पोरांनी शिट्ट्या मारल्या. "गोदूबाय गप, पन गोदूबाय चालू!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळा मांडव हसला. बाळू मिशीवरून हात फिरवत बहिणीकडं बघत होता. मोठा तीर मारला होता गड्यानं.

गोदूबायला राग आला, भयंकर आला. आपलाच गळा आपल्याच उरावर बसवलेला तिनं कधी ऐकला नव्हता. पण दुसऱ्याच ओळीला तिनं ते गाणं ओळखलं. कुणाच्या हळदीतलं ते, पुढं काय येणार, तिला सगळं ठाऊक होतं. तिला सांगता आलं असतं. तिनं नाही सांगितलं. देवमाणूस नव्हती ती.

स्पीकरनं गावदेवीला बोलावलं, खाडीच्या देवाला बोलावलं, भलत्याच घराण्यातल्या मेलेल्या बायांना बोलावलं. रमानं बोटांवर हळद घेतली, लेकाच्या कपाळाकडं हात नेला, आणि स्पीकर दणक्यात म्हणाला:

"पाटावरी बैसला कोन गो नवरा? बलीरामाचा प्रनित गो नवरा!"

रमाचा हात जिथल्या तिथं थांबला.

बळीरामचा प्रणित मागच्या खुर्चीवर ग्लास घेऊन बसला होता, एक पोर मांडीवर, एक खांद्यावर. तो दचकून उभा राहिला. "आवो, माझं झालंय!" असं तो कळवळून म्हणाला, आणि त्याची बायको शेजारून म्हणाली, "लावू दे की, बघते मी." हास्याचा फवारा उडाला. पण तो चौकापर्यंत पोचला नाही. चौकापाशी बसलेल्या म्हाताऱ्या बायांचे चेहरे उतरले होते. नवऱ्याच्या पाटावर दुसऱ्याचं नाव पडलं होतं. ह्याहून मोठा अपशकुन त्यांना ठाऊक नव्हता.

"बंद करा ते," रमा म्हणाली. ती कधी आवाज चढवत नसे; म्हणून लगेच बंद झालं.

"आत्या," प्रितम पाटावरून म्हणाला, "तू म्हन ना."

 गोदूबायनं त्याच्याकडं बघितलं, मग बाळूच्या हातातल्या ग्लासाकडं बघितलं, आणि मान हलवली. नाही.

"आक्का, हद झाली!" बाळू ओरडला. "पोराचं वाटोलं करनार काय तू?"

 रमा मात्र चौकासमोर मांडी घालून बसली आणि तिनं धवला धरला. रमा गाणारी नव्हे. पण इतकी वर्षं नणंदेच्या मागं बसून ओळी झेलल्या होत्या. चाल तिच्या कानात होती. आवाज चिरका होता, सूर घसरत होता. तिनं गावदेवीला बोलावलं. खाडीच्या देवाला बोलावलं. बायांनी मागून ओळी उचलायला सुरुवात केली. मग घरातल्या गेलेल्या बायांची पाळी आली.

"ये गो ये माज्या नवऱ्याचे आजी, हलदीचे पाटाला..." रमा म्हणाली, आणि अडली.

पुढं आजीचं नाव होतं. रमाच्या सासूचं. सासू जिवंत असताना रमानं कधी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं, मेल्यावरही नाही. त्यांच्या घरात सुना सासूचं नाव घेत नसत. एरवी ते धवलारीण घेई, म्हणून कुणाचं अडत नसे. रमानं ओळ परत म्हटली. परत तिथंच येऊन थांबली. तिनं भरल्या डोळ्यांनी नणंदेकडं बघितलं.

चंद्रावती. गोदूबायची आई. जिच्याकडून हे गाणं मिळालं ती. नाव गोदूबायच्या जिभेच्या शेंड्यावर येऊन उभं होतं. आईला हाक मारायची होती, आईच्याच नातवाच्या हळदीला, आणि ती मारता येत असून मारायची नव्हती. आयुष्यात इतकं जड काही तिनं उचललं नव्हतं. मागून कोमलनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ दगडासारखी ताठ होती.

रमानं तिसऱ्यांदा ओळ म्हटली. 

"चंद्रावती," कुणीतरी म्हणालं.

बाळू होता तो. मागं मंडळींच्या घोळक्यात उभा. तोही त्याच आईचा लेक; लहानपणी तिच्या पदराला धरून मांडवामांडवातून हिंडलेला. नाव त्याच्या तोंडून आपसूक निघालं, आणि निघाल्यावर त्यालाच काही सुचेना. त्यानं आईला मांडवात बोलावलं होतं. त्यानं खाली हाताकडं बघितलं. हातात ग्लास होता.

आई जिवंत असती तर त्यानं तो पाठीमागं लपवला असता. आत्ताही तसाच लपवायला गेला. मग त्याचं त्यालाच काय वाटलं कोण जाणे, त्यानं वाकून ग्लास जमिनीवर, खुर्चीखाली सरकवून ठेवला आणि शेजारच्या बड्या पाहुण्याला तो हात जोडून म्हणाला, "शेठ, जरा ठेवा. आय आलीय माजी."

शेठनं मुकाट्यानं ठेवला. त्याच्या शेजारच्यानं ठेवला. प्रणितनं तर पोराला सांभाळत ग्लास मांडवाबाहेर नेऊन ओतला. आज दोनदा नवरा व्हायची त्याची तयारी नव्हती. दोघं-तिघं कुरकुरत आपापल्या गाड्यांकडं गेले, त्यांना कुणी अडवलं नाही. बर्फाच्या पेट्यांची झाकणं लागली.

बाळू चौकापाशी आला. माफी मागायचा त्याचा स्वभाव नव्हता आणि गोदूबायला ती नकोही होती. तो बहिणीशेजारी भुईवर बसला, लहानपणी आईच्या शेजारी बसायचा तसा. "आक्का," तो चौकाकडं बघत म्हणाला, "रमाला पुढचं येत नाय."

गोदूबायनं घसा साफ केला. रमानं सोडलेली ओळ तिनं तिथूनच उचलली, जिथं आईचं नाव होतं. आवाज हळूहळू मांडवभर पसरला. स्पीकर बंद होता. शेवटच्या रांगेतल्यांना कान द्यावा लागत होता, आणि ते देत होते. तिनं चंद्रावतीला बसवलं, तिच्या आधीच्या बायांना बसवलं. रमानं हळदीची बोटं परत उचलली.

मग ती त्या ओळीपाशी आली, जिच्याआधी ती पाळण्याजवळ दर वेळी थांबत आली होती.

"पाटावरी बैसला कोन गो नवरा?" बायांनी विचारलं.

पाटावर प्रितम खाली मान घालून हमसून रडत होता. गोदूबायनं त्याच्याकडं बघितलं, आणि इतकी वर्षं धरून ठेवलेलं त्याचं नाव मांडवात मोकळं सोडलं.